फुलण्याआधी कळतं का?

३ जून

ढग जमले, पाऊस नाही. आबा सकाळपासून आगरात. जायफळांची आळी साफ करत होते. पोफळींच्या सावलीत रोपं डोक्याच्या वर गेली आहेत. पानं तुकतुकीत. फूल नाही.

रोपं बियांची. विकणाऱ्याने तेव्हा छातीठोकपणे सांगितलं होतं, सगळी धरणारी आहेत म्हणून.

रात्री जेवताना आबांनी विचारलं, "तू हेच शिकवतेस ना गं? फुलण्याआधी कळतं का, नर की मादी?"

उद्या सांगते म्हटलं.

४ जून

सांगितलं. बियांपासून वाढवलेलं जायफळ फुलायला सहा ते आठ वर्षं घेतं. साधारण निम्मी झाडं नर निघतात. नराला फळ नाही, जायपत्री नाही.

आबा म्हणाले, "म्हणजे निम्मी वर्षं फुकट."

"वर्षं नाही आबा, झाडं."

"माझ्या वयाला दोन्ही एकच."

५ जून

गावात विचारलं. पान रुंद ती मादी. फांदी आडवी ती मादी. रोप जोमात तो नर. प्रत्येकाची खूण वेगळी. सगळ्या लिहून घेतल्या. झाडांच्या बुंध्याला नंबर लावले. फुलली की ताडून बघायचं.

१० जून

पाऊस. वीज गेली.

१९ जून

कॉलेज सुरू. तिसऱ्या वर्षाचा पहिला तास. फळ्यावर तीन रकाने. एकाच फुलात दोन्ही: जास्वंद, वांगं, भेंडी. झाड एक, फुलं वेगळी: काकडी, मका, माड. झाडंच वेगळी: जायफळ, ताड, केवडा, कर्टोली, तोंडली.

तिसरा रकाना लहान. सपुष्प वनस्पतींत शेकडा पाच-सहा जाती. आकड्यात साधारण १५,६००. पण एका ठिकाणी गोळा झालेल्या नाहीत, कितीतरी कुळांत विखुरलेल्या. म्हणजे नर-मादी झाडं एकदाच झाली आणि पुढे वारशाने उतरली, असं नाही. पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या ठिकाणी, नव्याने झाली. प्राण्यांची सवय असलेल्या मुलांना हे चटकन पचत नाही.

तास संपल्यावर एक मुलगी थांबली. "मॅडम, आमच्या मांडवावर तोंडलीचा वेल आहे. फुलतो पुष्कळ. तोंडलं एक धरत नाही. आई उपटायला निघाली आहे."

"उपटू नको म्हणावं. फुलं घेऊन ये."

२० जून

डब्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. पांढरं फूल, पाच पाकळ्या बुडाशी जुळलेल्या. मधोमध पिवळा गोळा: पुंकेसर एकमेकांत वळून बसलेले. फुलाखाली नुसता देठ.

माझ्या परसातल्या वेलाचं फूल शेजारी ठेवलं. पाकळ्या तशाच. पण फुलाखाली इवलंसं तोंडलं आधीच तयार, त्यावरच्या पांढुरक्या रेघांसकट. मध्ये फाटलेली, केसाळ कुक्षी. तिच्या बुडाशी भिंगातून तीन बारीक खुणा दिसतात. पुंकेसर व्हायचे होते, थांबले.

मुलीने बराच वेळ भिंग सोडलं नाही. मग म्हणाली, "म्हणजे मादीच्या फुलात नर होता?"

"सुरुवात झाली होती."

वेल कुठून आणला विचारलं. कुंपणावरचा फाटा आईने तोडून आणला होता. कुंपणावर दोन्ही असतात. हिच्या आईच्या हाती नर आला.

२७ जून

तिचा प्रकल्प ठरला. नर वेलाचे आणि मादी वेलाचे फाटे वाळूत लावायचे. मुळ्या फुटल्या की टोकं कापायची, पेशी बघायच्या. ती खूश. मला चिंता भिंगांची. मोठ्या भिंगाला बुरशी धरली आहे.

२ जुलै

पुणे, १९४०. एल. एस. एस. कुमार आणि जी. बी. देवडीकर. 'करंट सायन्स'मधला जेमतेम तीन पानांचा लेख. तोंडलीच्या पेशीत २४ गुणसूत्रं. मादीत २२ अधिक दोन एक्स. नरात २२, एक एक्स, एक वाय. हा वाय बाकीच्या सगळ्यांहून ठळक मोठा.

माणसाचा वाय एक्सपेक्षा पुष्कळ लहान. इथे उलट. अलीकडच्या मोजमापात नर तोंडलीच्या पेशीतला डीएनए मादीपेक्षा शेकडा दहाच्या आसपास जास्त भरला.

सपुष्प वनस्पतींत डोळ्याला वेगळी दिसणारी लिंगगुणसूत्रं फार थोड्या जातींत. त्यातली एक आपल्या भाजीच्या टोपलीत. ती दाखवली पुण्याच्या माणसांनी. हे मुलांना बारावीपर्यंत कुठेच भेटत नाही. देवडीकर पुढे महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे संचालक झाले, हेही नाही.

३ जुलै

१९५२. कुमार पुन्हा, विश्वेश्वरय्यांबरोबर, आता 'नेचर'मध्ये. गुणसूत्रांचे संच वाढवलेले तोंडलीचे वेल. दोन एक्स आणि एक वाय असला तरी वेल नर. एक्सची संख्या दुप्पट झाली म्हणून वाय मागे हटत नाही.

९ जुलै

आबांचा खोकला. रात्री उशा रचून बसतात.

१३ जुलै

आठवडी बाजार. कातकरी बाई कर्टोल्यांचे वाटे लावून बसली होती. काटे अजून हिरवे, टोचणारे. रानात नर वेल ओळखता का, विचारलं.

"तो आधी फुलतो. धरत नाय."

"मग काढून टाकता?"

"कशाला? तो हाय म्हणून तर ही धरतात. त्याचा कंद आमी खणत नाय."

कर्टोलीचे कंद लावणाऱ्याला शेतीतज्ज्ञ हेच सांगतात: आठ-दहा मादींमागे एक नर ठेवा.

१८ जुलै

शेजारच्या बागेत तैवान पपई. मालक तक्रार करत होता: काही झाडांना लांबट फळ, काहींना गोल. व्यापारी गोल घेत नाही. त्याला बांधावर बसून सांगितलं. लांबट फळाचं झाड द्विलिंगी फुलांचं, गोल फळाचं मादी. पपईत तीन प्रकार: मादीला दोन एक्स, नराला एक्स आणि वाय, द्विलिंगीला एक्स आणि थोडा निराळा वाय. लांबट फळाचं बी धरलं तर चौथ्या हिश्शाला दोन वाय येतात. ते गर्भ जगत नाहीत. उरलेल्यांत दोन द्विलिंगी, एक मादी. गोल फळाची झाडं येणारच. खतपाण्याचा दोष नाही.

पपईच्या अभ्यासात दोन नावं एकाच वर्षी येतात. १९३८: दक्षिण आफ्रिकेत हॉफमायर, हवाईत स्टोरी. दोघांनी स्वतंत्रपणे पपईच्या लिंगाचा वारसा मांडला. तेव्हा कुणी वाय बघितला नव्हता. पपईत तो डोळ्याला दिसतच नाही, एक्सच्याच अंगकाठीचा. २०१२ मध्ये त्यातला एक्सपासून वेगळा झालेला भाग, डीएनएचं अक्षर अक्षर, वाचला गेला. द्विलिंगी झाडाच्या वायचा हा वेगळा झालेला भाग ८० लाख अक्षरांहून थोडा मोठा. एक्सवरचा जोडीचा तुकडा ३५ लाखांचा. नराचा वाय आणि द्विलिंगीचा वाय एकमेकांपासून सुटून सुमारे चार हजार वर्षंच झाली. मध्य अमेरिकेतल्या माणसांनी फळासाठी झाडं निवडायला घेतली, त्या काळात.

मालकाने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "रोपातच कळतं का?"

पपईत कळतं. पानाचा तुकडा, पीसीआर, झालं. पण ही चाचणी शहरातल्या प्रयोगशाळेत. रोपवाटिकेच्या दारात नाही.

२५ जुलै

पाऊस थांबत नाही. वाळूतल्या फाट्यांना मुळ्या फुटल्या. पांढऱ्या, ठिसूळ.

२८ जुलै

कॉरेन्स, जर्मनी, १९०७. मेंडेलचे नियम नव्याने उजेडात आणणाऱ्यांपैकी एक. वेल ब्रायोनियाचा, तोंडलीच्याच कुळातला. एका जातीत नर-मादी वेल वेगळे, दुसरीत दोन्ही फुलं एकाच वेलावर. पहिलीची मादी घेऊन दुसरीचे पराग टाकले: सगळी संतती मादी. उलट केलं, पहिलीच्या नराचे पराग दुसरीवर टाकले: निम्मे नर, निम्म्या मादी. म्हणजे दोन तऱ्हेचे पराग नराकडे. लिंग परागकणाबरोबर येतं.

सूक्ष्मदर्शकाशिवाय, नुसती रोपं मोजून त्याने हे काढलं. मुलांना आकडे देऊन सांगितलं, तुम्हीच सांगा काय अर्थ. मागच्या बाकावरच्या मुलाला आधी आलं.

६ ऑगस्ट

आबांना दवाखान्यात नेलं. धाप. ऑक्सिजन लावला.

७ ऑगस्ट

रात्रभर खुर्चीत. पहाटे आबांना जाग आली. "आगरात पाणी साचलं असेल. चर बघायला सांग."

११ ऑगस्ट

घरी आणलं. आगरात जायचं नाही, डॉक्टरांची ताकीद. ओसरीवर खाट टाकली. तिथून पहिल्या ओळीतली जायफळं दिसतात.

१४ ऑगस्ट

मुळांची टोकं काल सकाळी कापली होती. आधी पॅराडायक्लोरोबेंझीन, मग अल्कोहोल आणि ॲसेटिक ॲसिड. आज कोमट हायड्रोक्लोरिक ॲसिडमधून काढून ॲसिटो-ऑर्सीनच्या रंगात ठेवली. कव्हरस्लिप, वर टिपकागद, अंगठ्याचा सरळ दाब. कव्हरस्लिप सरकली की सगळं गेलं. आधीच्या स्लाइडवर पेशी एकमेकींवर चढलेल्या, गुणसूत्रांचा गुंता.

दुपारी तिने हाक मारली. नुसतं "मॅडम".

एक पेशी, नीट पसरलेली. जांभळट लाल ठिपके आणि काड्या. बाकीचे एका मापाचे, बारीक, त्यांतला एक्स कुठला ते सांगता येत नाही. एक मात्र लांबच लांब, वाकून आडवा पडलेला. शोधावा लागला नाही. मोजले: चोवीस. पुन्हा मोजले.

मादी वेलाची स्लाइड लावली. चोवीस. लांब कुठलाच नाही.

ती म्हणाली, "वेलाला अजून कळीसुद्धा नाही."

वाळूतल्या त्या फाट्याला खरंच फक्त चार पानं आहेत.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर प्रयोगशाळा उघडी ठेवली. तिची आई आली होती. भिंगातून बघितलं. "हाच का तो?" म्हणाली. वेल उपटणार नाही म्हणाली. माझ्या मांडवातला मादी फाटा घेऊन गेली.

आबांना सांगितलं. "तोंडलीत कळतं तर मग जायफळात का नाही?"

१७ ऑगस्ट

आबांच्या प्रश्नासाठी.

तोंडलीचा वाय मोठा म्हणून दिसतो. पपईचा दिसत नाही, पण त्याची अक्षरं माहीत आहेत. जायफळाबद्दल एम. फ्लाख या डच शास्त्रज्ञाचा १९६६ चा प्रबंध आहे. जायफळाची लागवड आणि तिच्यातला लिंगाचा पेच, हाच विषय. पेच तेव्हाही बागायतदाराचाच होता. गुणसूत्रं इतकी लहान की भिंगाचं काम नाही. आमच्या आगरापर्यंत पोचलेली खात्रीची चाचणी कुठलीच नाही.

आबांना एवढंच म्हटलं, "जायफळाला फूलच सांगतं."

२६ ऑगस्ट

फळ्यावर दोन रेघा.

द्विलिंगी फुलाची वनस्पती. एक बदल होतो: पुंकेसर वांझ. ती झाली मादी. दुसरा बदल: बीजांडकोश थांबतो. तो झाला नर. दोन्ही बदलांच्या जागा गुणसूत्रावर शेजारी शेजारी हव्यात, नाहीतर जोडीतल्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीत फुलाचा पुंभागही जातो आणि स्त्रीभागही. म्हणून त्या तुकड्यात अदलाबदल बंद होते. बंद झालेला तुकडा वाढत जातो, त्यात कचरा साठतो. हाच वाय. ब्रायन आणि डेबोरा चार्ल्सवर्थ यांची मांडणी, १९७८.

चाळीस वर्षांनी किवीच्या वेलात अशी दोन जनुकं सापडली. जपानी गटाने नावं ठेवली 'शाय गर्ल' आणि 'फ्रेंडली बॉय'. पहिलं, २०१८: स्त्रीभाग थांबवतं. दुसरं, २०१९: पुंकेसर जगवतं. मादी किवीत 'फ्रेंडली बॉय' घातल्यावर फुलं द्विलिंगी झाली. त्याच गटाने २०१४ मध्ये पर्सिमन या फळझाडात निराळीच तऱ्हा दाखवली होती. तिथे वायवरचं जनुक प्रथिन बनवत नाही. लहानसा आरएनए बनवतं, आणि तो पुंकेसर थांबवणाऱ्या जनुकाला गप्प करतो.

किवीचं जनुक निराळं, पर्सिमनचं निराळं, ॲस्पॅरॅगसचं आणखी निराळं.

एकाने विचारलं, "मग खरा नर कोण?" वर्ग हसला. मला प्रश्न आवडला. नर म्हणजे ज्याचा स्त्रीभाग थांबला तो. वनस्पतीत याहून जास्त काही नाही.

गणेश चतुर्थी

केवडा आणला. घरभर वास. कणीस नर झाडाचं. खाडीकाठच्या केवड्याच्या बनात मादी झाडंही आहेत, त्यांना अननसासारखं फळ येतं. पूजेला त्यांचं काही लागत नाही.

आबा आरतीला उभे राहिले.

२० सप्टेंबर

मुलीने वाचून आणलं. पुण्याच्या आयसरमध्ये मादी तोंडलीवर सिल्व्हर नायट्रेट फवारलं. फुलांत पुंकेसर वाढले. २०१४ चा शोधनिबंध. चांदीचे आयन इथिलीन या वनस्पतींच्या संप्रेरकाचं काम अडवतात.

आमच्याकडे काकडी-दुधीवाले इथ्रेल मारतात, मादी फुलं वाढावीत म्हणून. इथ्रेलमधून इथिलीन सुटतं. तोच धागा, दुसऱ्या टोकाने ओढलेला.

तिला म्हटलं, यातून काय निघतं ते लिही. तिने लिहिलं: मादी वेलाकडे वाय नाही, तरी तिला पुंकेसर करता येतात. म्हणजे पुंकेसर कसे करायचे ते वायवर लिहिलेलं नाही. करायचे की नाही, एवढंच वाय ठरवतो.

वहीवर सही केली. दुरुस्ती काहीच नव्हती.

९ ऑक्टोबर

ऊन. आबा काठी घेऊन आगरात. मी बरोबर. तिसऱ्या झाडाच्या पानाच्या बगलेत पिवळसर मणी. कळ्या.

आबांना दाखवल्या. त्यांनी हात लावला नाही.

१७ ऑक्टोबर

तिसरं झाड उमललं. झुपके. एका देठावर कितीतरी फुलं, निमुळती, मेणासारखी. एक फाडलं. आत पुंकेसरांचा खांब.

नर.

१८ ऑक्टोबर

आबा बोलले नाहीत. दुपारी कोयती घेऊन निघाले. मी वाटेत उभी राहिले.

"आबा, एक तरी ठेवायला हवा."

"ठेव एक. हाच कशाला?"

"अजून बाकीची कुठे फुललीत?"

कोयती कोनाड्यात ठेवली.

२ नोव्हेंबर

ओळीच्या टोकाचं झाड. फूल एकटं, बुडाशी फुगीर. उभं चिरलं. आत हिरवट बीजांडकोश, वर दोन ओठांची कुक्षी.

आबांना ओसरीवर नेऊन दिलं. त्यांनी ते अर्धं फूल तळहातावर धरलं, चष्मा वर केला. "ही?"

"ही."

२१ नोव्हेंबर

रोज एखादं झाड उमलतं आहे. वहीत नंबरापुढे न आणि म. दोन्हींची संख्या जवळजवळ सारखी होत चालली आहे. कॉरेन्सचा वर्ग आठवला.

गावातल्या खुणा ताडल्या. रुंद पानाच्या झाडांत नर आहेत. आडव्या फांद्यांच्या झाडांत नर आहेत. जोमदार रोपांत मादी आहेत. एकही खूण टिकली नाही.

५ डिसेंबर

कलमं बांधणारा आला. नर झाडं तोडायची नाहीत. शेंडा छाटायचा, फूट आली की तिच्यावर मादीची काडी बांधायची. बुंधा, मुळं तीच. वाढीची वर्षं वाया जात नाहीत.

काडी कुठली, त्यावर तो अडून बसला. आडव्या फांदीची काडी बांधली तर झाड झुडपासारखं आडवंच पसरतं. उभ्या फुटीची हवी. उभी फूट झाडाला मोजकीच. ओळीच्या टोकाच्या मादीवर फळ किती धरतं ते आधी बघायचं, मग तिच्या काड्या घ्यायच्या. आबांना हे पटलं. घाई नको म्हणाले.

तिसरं झाड तसंच ठेवायचं. वाऱ्याच्या बाजूला नाही, पण आगराच्या मध्यावर आहे. जायफळाचे पराग बारीक भुंगेरे नेतात. त्यांना मध्य बरा.

१४ जानेवारी

संक्रांत. आबा स्वतः चालत टोकाच्या मादीपर्यंत गेले. लिंबाएवढं अजून नाही, पण फळ धरलं आहे.

मुलीचा प्रकल्प विद्यापीठाच्या फेरीला निवडला गेला. आईने डबा पाठवला: तोंडल्याच्या काचऱ्या. मांडवावर आता दोन्ही वेल आहेत.

२ फेब्रुवारी

रोपं घ्यायला निघालेले लोक आबांना विचारायला येतात. आबा मला हाक मारतात. सांगते ते इथे लिहून ठेवते.

जायफळाचं बियांचं रोप मादी आहे असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. ते विकणाऱ्यालाही कळत नाही. फळ बघितलेल्या मादी झाडाच्या उभ्या फुटीचं कलम घ्या. आगरात बियांची झाडं असतील तर फूल येईपर्यंत थांबा, नर निघाला तर तोडू नका, त्यावर कलम बांधा. आणि दहा मादींमागे एक नर राखा. तो नसेल तर मादीही धरणार नाही.